दोनचा बत्तिसावा घात अधिक एक: प्रकल्प नोंदी

२ जून

संख्या ठरली: ४२९४९६७२९७. अक्षरी चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. म्हणजेच २^३२ + १. (घातासाठी ^ हे चिन्ह वापरतो, आणि मोठ्या संख्यांत स्वल्पविराम देत नाही. अंक सलग दिसले की त्यांच्यातलं नातं पटकन लक्षात येतं.)

काम असं: या एकाच संख्येची जंत्री करायची. अवयव, कसोट्या, वर्गांची बेरीज, बायनरी रूप, शेजारच्या संख्या. अट एकच, की जे लिहायचं ते आधी कागदावर पटलं पाहिजे. प्रोग्रॅम पडताळ्यापुरता. जोडीदाराकडे कागद, माझ्याकडे संगणक, अशी वाटणी झाली आहे.

हीच संख्या घ्यायचं कारण तिचा इतिहास. १६४० मध्ये फ्रेंच गणितज्ञ फर्माने २^१ + १, २^२ + १, २^४ + १, २^८ + १, २^१६ + १ ही रांग पाहिली: ३, ५, १७, २५७, ६५५३७. पाचही मूळ संख्या. घातांक दरवेळी दुप्पट. पुढच्याही सगळ्या मूळच असणार, असं त्याने ठरवलं. पण सिद्धता आपल्यापाशी नाही हेही पत्रात मोकळेपणाने लिहिलं. रांगेतली पुढची संख्या म्हणजे आपली. तिथेच सगळं बिनसलं.

घातांक दोनचाच घात का हवा, ते एका ओळीत: घातांकाला १ पेक्षा मोठा विषम अवयव असला की संख्या फुटते. २^६ + १ = ६५ घ्या. ६ मध्ये ३ हा विषम अवयव आहे, म्हणून २^२ + १ = ५ ने भाग जातोच. म्हणून दोनच्या घातात एक मिळवून मूळ संख्या मिळवायची तर फर्माची रांग सोडून दुसरीकडे शोधण्यात अर्थ नाही.

३ जून

सोपी कामं उरकली. अंकांची बेरीज ५९, म्हणजे ३ ने भाग जात नाही. ५ ने तर उघडच नाही. बायनरीत ही संख्या ३३ अंकी: दोन टोकांना १ आणि मध्ये ३१ शून्यं. उलटसुलट सारखीच.

३, ५, १७, २५७, ६५५३७ यांतल्या कुठल्याही संख्येने भागा, बाकी २ उरते. हा योगायोग नव्हे. या पाचांचा गुणाकार ४२९४९६७२९५ होतो, आपल्या संख्येपेक्षा बरोबर दोनने कमी. ही रांगेभर चालणारी गोष्ट आहे: आधीच्या सगळ्या फर्मा संख्यांचा (म्हणजे फर्माच्या रांगेतल्या संख्यांचा) गुणाकार अधिक दोन म्हणजे पुढची फर्मा संख्या. त्यामुळे कुठल्याही दोन फर्मा संख्यांना सामाईक मूळ अवयव नसतो. असता तर त्याने २ ला भाग गेला असता, आणि या सगळ्या संख्या विषम. १७३० मध्ये गोल्डबाखने ऑयलरला पत्रातून हे कळवलं. मूळ संख्या अनंत आहेत याची ही आणखी एक सिद्धता झाली: रांग अनंत, आणि प्रत्येकीला स्वतःचा नवा मूळ अवयव. मला ही युक्लिडच्या सिद्धतेपेक्षा जास्त आवडते, कारण इथे रांग आयती समोर आहे.

५ जून

आज मुख्य काम. अवयव शोधायचे. आंधळेपणाने भागत सुटलो तर ६५५३६ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागावं लागेल. त्या साडेसहा हजार आहेत. जोडीदाराने मान हलवली. बरोबरच आहे.

म्हणून आधी चाळण. समजा मूळ संख्या प ने आपल्या संख्येला भाग जातो. मग प ने भागल्यावर २^३२ ची बाकी −१ (म्हणजे प ला एक कमी) येते, आणि वर्ग केल्यावर २^६४ ची बाकी १. म्हणजे २ चा घात वाढवत गेलो तर बाकी १ पहिल्यांदा येते ती बरोबर ६४ व्या घाताला. त्याआधी आली असती तर तो घातांक ६४ चा भाजक असता, म्हणजे ३२ चाही, आणि मग ३२ व्या घाताला −१ ऐवजी १ आला असता. आता फर्माचं छोटं प्रमेय: २^(प−१) ची बाकी १. म्हणून प − १ ला ६४ ने भाग गेलाच पाहिजे.

थोडक्यात, अवयव ६४क + १ (क ही पूर्ण संख्या) या साच्यातलाच हवा. यादी: ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यांतल्या मूळ फक्त १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचवीलाच भाग जातो. ऑयलरने १७३२ मध्ये ६४१ काढला, तेव्हा तो पंचविशीत होता. गोल्डबाखने १७२९ च्या डिसेंबरातल्या पत्रात फर्माच्या या विधानाबद्दल विचारलं नसतं, तर तो याच्या वाटेला लगेच गेला असता असं वाटत नाही.

आता खरी गंमत. छोटं प्रमेय फर्माने कळवलं तेही १६४० मध्येच. चाळणी त्याच्याच हातची, त्याच वर्षीची. त्याने ती याच संख्येवर नीट चालवली असती तर काम एका बैठकीचं होतं.

चाळणी आणखी बारीक होते. प − १ ला ८ ने भाग जात असेल तर २ ही संख्या प च्या हिशोबात (म्हणजे प ने भागून फक्त बाकी बघितली तर) कुणाचा तरी वर्ग असते, आणि मग २^((प−१)/२) ची बाकीही १ येते. म्हणून ६४ ने (प−१)/२ ला भाग जातो, आणि साचा होतो १२८क + १. ही सुधारणा एदुआर ल्युकाची, १८७८ ची. आता ६४१ पर्यंत उरतात १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१. मूळ दोनच: २५७ आणि ६४१. त्यातली २५७ ही फर्मा संख्या, तिला परवाच्या नोंदीने बाद केलं. म्हणजे करायचा पहिला भागाकारच ६४१ चा!

भागाकार जोडीदाराने मांडला. ४२९४ मध्ये ६४१ सहा वेळा, उरले ४४८. पुढचा ९ उतरवला, ४४८९. सात वेळा, उरले २. मग ६ आणि ७ उतरवले तरी भाग बसत नाही, दोन शून्यं. २ उतरवून २६७२. चार वेळा, उरले १०८. ९ उतरवून १०८९. एकदा, आणि उरले पुन्हा ४४८. शेवटचा ७ उतरवला, ४४८७. सात वेळा, बाकी शून्य. एकच ४४८ दोनदा आला. पहिल्यांदा पुढे ९ होता म्हणून दोन उरले, दुसऱ्यांदा ७ होता म्हणून काहीच उरलं नाही.

४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७.

६ जून

छोटी नोंद. भागाकार न करताही ६४१ दिसतो. ६४१ = ५ × २^७ + १, आणि ६४१ = ५^४ + २^४ (६२५ + १६). ६४१ च्या हिशोबात पहिल्यावरून ५ × २^७ म्हणजे −१. चौथा घात घ्या: ५^४ × २^२८ म्हणजे १. दुसऱ्यावरून ५^४ म्हणजे −२^४. तो आत घाला: −२^३२ म्हणजे १. म्हणून २^३२ + १ ला ६४१ ने भाग जातो. चार ओळी, मोठा आकडा कुठेच नाही. अर्थात ६४१ आधी ठाऊक असेल तरच हे सुचतं.

९ जून

दुसरा अवयव ६७००४१७ मूळ आहे का? त्याचं वर्गमूळ २५८८ च्या आसपास, तिथपर्यंत पावणेचारशेच्यावर मूळ संख्या. पण हाही आपल्याच संख्येचा तुकडा, म्हणून याचे अवयवसुद्धा १२८क + १ या साच्यातलेच हवेत. २५८८ च्या आत असे वीस उमेदवार, आणि त्यांतले मूळ पाच: २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९. बाकीचे ३, ५, ७, ११, १३, १७ अशा किरकोळ अवयवांनी फुटतात (१५३७ जरा चिवट, तो २९ × ५३).

पाच भागाकार केले. २५७ ने बाकी १७०, ६४१ ने ४४, ७६९ ने १२०, ११५३ ने ३३४, १४०९ ने ६२२. एकही शून्य नाही. म्हणजे ६७००४१७ मूळ. सदुसष्ट लाखांवरची संख्या पाच भागाकारांत निकालात निघाली. बाहेरून उचललेल्या सात अंकी संख्येला अशी सवलत मिळत नाही, हे जोडीदाराने मुद्दाम लिहून ठेवायला सांगितलं आहे.

१० जून

आता कसोट्यांकडे. नेहमीची कसोटी: संख्या न मूळ असेल तर २^(न−१) ला न ने भागल्यावर बाकी १ यायला हवी. आपल्या संख्येसाठी न − १ म्हणजे २^३२. आणि २ च्या ३२ व्या घाताची बाकी −१ हे तर संख्येच्या व्याख्येतच आहे. ६४ व्या घाताला १. २^३२ हा ६४ च्या पटीत, म्हणून तिथेही १. कसोटी पास!

कडक कसोटी लावली तरी तेच. तिच्यात २, ४, १६, २५६, ६५५३६ असे वर्ग करत जायचं आणि −१ भेटतो का बघायचं. तो पुढच्याच पायरीला भेटतो. म्हणजे २ हा पाया (ज्याचे घात घ्यायचे ती संख्या) धरला तर ही संख्या मूळ असल्याचं बेमालूम सोंग वठवते. हिच्याच नव्हे, कुठल्याही फर्मा संख्येच्या बाबतीत २ ही साक्ष फुकट आहे. साक्षीदार आणि आरोपी एकाच घरचे.

किती पाये असे फसवे असतील? हे मोजता येतं. मूळ संख्या प च्या हिशोबात म व्या घाताला १ देणारे पाये म आणि प − १ यांच्या मसाविइतके असतात. ६४० = १२८ × ५ आणि ६७००४१६ = १२८ × ५२३४७; दोन्हींचा २^३२ शी मसावि १२८. म्हणून फसवे पाये १२८ × १२८ = १६३८४. संख्येशी सहमूळ असलेले एकूण पाये ६४० × ६७००४१६ = ४२८८२६६२४०. भागाकार नेमका २६१७३५ येतो, बाकी न उरता. अडीच लाखांहून जास्त पायांमागे एक फसवा, आणि सर्वांत आधी हात जातो तो २ नेमका त्यांतला. कसोटी वाईट नाही, पाया वाईट आहे.

१२ जून

पाया ३ घेतला. इथे फ्रेंच गणितज्ञ पेपँची कसोटी आहे, १८७७ ची: फर्मा संख्या न (३ सोडून) मूळ असेल तर आणि तरच ३^((न−१)/२) ची बाकी −१ येते. आपल्यासाठी घातांक २^३१, म्हणजे ३ पासून सुरू करून एकतीस वेळा वर्ग.

बाकी काढण्याची युक्ती लिहून ठेवतो, कारण पुढच्या फर्मा संख्यांनाही ती लागणार. २^३२ म्हणजे −१, म्हणून कुठलीही मोठी संख्या अ × २^३२ + ब अशी फोडायची आणि ब − अ लिहायचं (ऋण आलं तर न मिळवायचा). भागाकाराची कटकटच नाही. संगणकात तर खालचे ३२ बिट आणि वरचे ३२ बिट, दोघांची वजाबाकी.

सुरुवात: ३, ९, ८१, ६५६१, ४३०४६७२१. चार वर्ग झाले तरी काही कापावं लागलं नाही. पाचवा वर्ग १८५३०२०१८८८५१८४१. यात अ = ४३१४३९, ब = ३७९३६३२८९७. वजाबाकी ३७९३२०१४५८. इथवर जोडीदाराने हाताने केलं. पुढचे सव्वीस वर्ग प्रोग्रॅमने.

प्रोग्रॅमची एक गोम. ६४ बिटांच्या चिन्हरहित चौकटीत २^६४ − १ पर्यंतच मावतं. आपली बाकी जास्तीत जास्त २^३२ असू शकते आणि तिचा वर्ग २^६४. एकाने हुकतो! आणि हुकवणारी ही एकमेव बाकी म्हणजेच −१, जिच्या शोधात आपण आहोत. तिच्यासाठी वेगळी अट घातली. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत ही काळजी करावी लागत नाही, तिथे तयार फंक्शनने एका ओळीत घात निघतो. दोन्हींचं उत्तर जुळलं.

एकतिसाव्या वर्गानंतर: १०३२४३०३.

मूळ संख्येला इथे ४२९४९६७२९६ यायला हवं होतं. आसपासही नाही. आणखी एक वर्ग: १०३२४३०३ चा वर्ग १०६५९१२३२४३५८०९, अ = २४८१७, ब = ३०२९०५०९७७, बाकी ३०२९०२६१६०. मूळ संख्येला इथे १ लागतो. हा शेवटचा टप्पा जोडीदाराने कागदावर तपासला.

१३ जून

कालच्या निकालावर एक टीप, कारण जंत्रीत तो कुठल्या रकान्यात टाकायचा यावर चर्चा झाली. १०३२४३०३ हा आकडा सांगतो की संख्या संयुक्त आहे. बस्स. ६४१ चा त्यात मागमूस नाही. ‘संयुक्त आहे’ आणि ‘हे घ्या अवयव’ ही दोन वेगळी ज्ञानं आहेत, आणि या प्रकल्पात मला तोच फरक जागोजागी दाखवायचा आहे. याच रांगेतली विसावी (मोजणी शून्यापासून, २ चा घातांक २^२०) ३१५६५३ अंकी संख्या आणि चोविसावी ५०५०४४६ अंकी संख्या संयुक्त ठरल्या आहेत त्या पेपँच्याच कसोटीने, आणि दोहोंचा एकही अवयव आजवर कुणाला सापडलेला नाही. आपल्या संख्येचं नशीब की तिचा लहान अवयव तीन अंकी निघाला.

दोन रकाने केले. एक ‘संयुक्त’, एक ‘अवयव’. एकाच पुराव्यात दोन्ही मिळत असतील तर दोन्हीकडे खूण.

१६ जून

दोन्हीकडे खूण पडेल असा पुरावा आज सापडला, आणि आतापर्यंतच्या कामात हा भाग मला सर्वांत देखणा वाटतो.

संख्या जन्मतःच दोन वर्गांची बेरीज आहे: ६५५३६^२ + १^२. मूळ संख्या दोन वर्गांत मांडता येत असेल तर ती एकाच तऱ्हेने येते. म्हणजे दुसरी तऱ्हा सापडली की खेळ खलास. आणि ती आहे:

६२२६४^२ + २०४४९^२ = ३८७६८०५६९६ + ४१८१६१६०१ = ४२९४९६७२९७.

यातून अवयव काढायची ऑयलरची रीत. सम संख्या एकीकडे, विषम एकीकडे. ६५५३६ − ६२२६४ = ३२७२ आणि २०४४९ − १ = २०४४८; मसावि ८. मग ६५५३६ + ६२२६४ = १२७८०० आणि २०४४९ + १ = २०४५०; मसावि ५०. दोन्ही मसावींचं निम्मं घ्या, ४ आणि २५. वर्गांची बेरीज: १६ + ६२५ = ६४१. घ्या अवयव.

उलट बाजूने पाहिलं की हे कसं घडतं ते दिसतं. ६४१ = २५^२ + ४^२ आणि ६७००४१७ = २५५६^२ + ४०९^२. दोन वर्गांच्या बेरजांचा गुणाकार पुन्हा दोन वर्गांची बेरीज असतो, दोन तऱ्हांनी. (याचंच व्यापक रूप ब्रह्मगुप्ताच्या इ.स. ६२८ च्या ब्राह्मस्फुटसिद्धांतात ‘भावना’ या नावाने आहे.) करून बघा: २५ × २५५६ = ६३९००, ४ × ४०९ = १६३६. बेरीज ६५५३६, वजाबाकी ६२२६४. तसंच २५ × ४०९ = १०२२५, ४ × २५५६ = १०२२४. वजाबाकी १, बेरीज २०४४९.

१०२२५ आणि १०२२४. एवढ्या जवळ येऊन एकाने चुकलेले दोन गुणाकार, आणि तो एक म्हणजेच २^३२ + १ मधला एक. मी हे दोनदा लिहून काढलं.

जोडीदाराचा प्रश्न रास्त होता: ६२२६४ आधी ठाऊक नसेल तर तो शोधायचा कसा? ६५५३६ पासून खाली उतरत जायचं आणि उरलेला भाग पूर्ण वर्ग आहे का बघायचं. सगळे आकडे बघावे लागत नाहीत. संख्येचा एकक अंक ७, म्हणून ५ च्या हिशोबात दोन्ही वर्गांची बाकी १ हवी. सम संख्या ४ किंवा ६ ने संपणारच. ३ ने भागून बाकी २, म्हणून दोन्हींपैकी कुणालाच ३ ने भाग जाता कामा नये. आणि आपली संख्या व विषम वर्ग दोन्ही ८ ने भागल्यावर १ उरतो, म्हणून सम संख्येला ४ ने भाग गेला पाहिजे. साठांमागे चार उमेदवार उरले. ६५५३६ वरून ६२२६४ पर्यंत ३२७२ पायऱ्या, म्हणजे तपासायचे आकडे दोनशेहून थोडे जास्त. वर्गांचा तक्ता जवळ असेल तर चिकाटीच्या माणसाला जमण्यासारखं.

आणि दोन वर्गांचं प्रमेयही फर्माचंच. मेर्सेनला त्याने ते कळवलं तेही १६४० च्या डिसेंबरात.

१७ जून

२०४४९ हा स्वतः १४३ चा वर्ग निघाला! म्हणजे ४२९४९६७२९७ = ६२२६४^२ + १४३^४. मी याला योगायोगच म्हणतो. जंत्रीत ‘किरकोळ’ या सदरात टाकलं.

१९ जून

शेजारी. डावीकडची ४२९४९६७२९५ ही ३ जूनच्या नोंदीत आलीच होती: ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७. पट्टी आणि कंपास एवढ्याच साधनांनी काढता येणारे सुसम बहुभुज कोणते, याचं उत्तर गाऊसने दिलं: बाजूंच्या संख्येत २ चे घात सोडले तर फक्त वेगवेगळ्या मूळ फर्मा संख्याच असल्या पाहिजेत. १७९६ मध्ये त्याने सतरा बाजूंपासून सुरुवात केली. याखेरीज दुसरे जमत नाहीत ही बाजू वँत्झेलने १८३७ मध्ये सिद्ध केली. मूळ असलेल्या पाच फर्मा संख्यांतून विषम बाजूंचे एकतीस बहुभुज होतात, आणि त्यांतला सर्वांत मोठा बरोबर ४२९४९६७२९५ बाजूंचा.

आपली संख्या मूळ निघती तर तितक्या बाजूंचा सुसम बहुभुजही यादीत आला असता. (६५५३७ बाजूंच्या आकृतीवर हर्मेस नावाच्या गणितज्ञाने दहा वर्षं घालवली. त्याच्यावर पुढच्या आकृतीची पाळी आली नाही हे बरंच झालं.)

मधली ४२९४९६७२९६ म्हणजे २^३२, तिच्याबद्दल काय लिहायचं? उजवीकडे दोनच अवयव, डावीकडे पाच, मध्ये एकच मूळ संख्या बत्तीस वेळा. ३२ बिटांच्या चौकटीत डावीकडची शेवटची मावते, मधली ० होते आणि आपली १.

२० जून

उरलेले रकाने भरले. सर्व भाजकांची बेरीज ४३०१६६८३५६. सहमूळ संख्या ४२८८२६६२४०. प्रत्येक सहमूळ पायाला १ वर आणणारा सर्वांत लहान घातांक ६४० आणि ६७००४१६ यांचा लसावि, ३३५०२०८०.

बायनरीतला गुणाकार मात्र बघण्यासारखा. ६४१ म्हणजे ५१२ + १२८ + १, बायनरीत १०१००००००१. त्यामुळे गुणाकार म्हणजे ६७००४१७ ला नऊ घरं सरकवून, सात घरं सरकवून आणि जागेवर ठेवून केलेली बेरीज: ३४३०६१३५०४ + ८५७६५३३७६ + ६७००४१७. ६७००४१७ चं रूप ११००११०००११११०११००००००१, त्यात अकरा १. ते तीनदा लिहून बेरीज केली की हातचे एकामागून एक सरकत जातात आणि टोकांचे दोनच १ शिल्लक राहतात.

आणि १/६४१ चा आवर्ती दशांश ३२ अंकी आहे: ००१५६००६२४०२४९६० ९९८४३९९३७५९७५०३९. दोन अर्धुकांची बेरीज करा, सोळाच्या सोळा नऊ येतात. कारण १०^१६ + १ ला ६४१ ने भाग जातो, भागाकार १५६००६२४०२४९६१. म्हणजे ६४१ च्या हिशोबात १० ला १ वर यायला ३२ पायऱ्या लागतात, २ ला ६४.

२३ जून

या संख्येची फाइल बंद. रांगेत पुढच्या म्हणजे २^६४ + १ च्या फाइलचं पहिलं पान मांडलं: १८४४६७४४०७३७०९५५१६१७. पाया ३ ची कसोटी आधी चालवायची, त्रेसष्ट वर्ग. १२८ बिटांची चौकट लागेल आणि −१ साठी तीच वेगळी अट. चाळणी इथे २५६क + १ ची. लाँद्रीने १८८० मध्ये दिलेला अवयव २७४१७७ याच साच्यात बसतो, क = १०७१. दुसरा अवयव ६७२८०४२१३१०७२१. आधीच्या संख्येला क = ५ वर काम भागलं होतं. आता १०७० पर्यंतचे क आधी चाळावे लागतील, त्यातले ३, ५, ७ ने जाणारे जोडीदार आजच खोडायला बसला आहे.